माझ्या पाठीवरचं सोवळं

विचार न करता मी आयुष्यात एकही गोष्ट केलेली नाही! ही बढाई नाही, आमच्या घरातला मिक्सर याला साक्षी आहे. तो घ्यायच्या आधी मी इतके दिवस विचार केला की तोवर उल्का, म्हणजे माझी बायको, पाट्यावर वाटण वाटण्यात तरबेज झाली. मिक्सर अजून नव्यासारखा आहे. ती पाट्यावरच वाटते.

तर असा मी, आमोद, विमा कंपनीच्या बुधवार पेठेतल्या शाखेत सिनियर असिस्टंट, राहायला शहराबाहेर मांजरी गावात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर टॅटू काढायचं ठरवतो, म्हणजे त्यामागे काहीतरी विचार असणारच ना? होता! एका रविवारी माझी मुलगी तनया टीव्ही बघता बघता म्हणाली, "बाबा, तू आणि टॅटू? शक्यच नाही! तुला हेल्मेटचा रंग ठरवायला अख्खा पावसाळा लागला." उल्का हसली. तिचं हसणं जरा जास्तच लांबलं. त्याच क्षणी मी मनात म्हटलं, आता काढायचाच! गुपचूप काढायचा, जखम भरू द्यायची आणि लग्नाच्या वाढदिवसाला शर्ट उतरवून दोघींना गार करायचं.

मी अभ्यासाला लागलो. फर्ग्युसन रस्त्यावर शेफाली नावाच्या मुलीचा टॅटू स्टुडिओ आहे. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेली मुलगी, दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत वेलबुट्टीनं भरलेले. मी तिच्यासमोर बसलो आणि सुरू झालो. सुई प्रत्येकाला नवी असते का? माझ्यासमोर पाकीट फोडणार का? शाई कुठली? अंगावर पित्त उठतं, चालेल का? नंतर किती दिवस रक्तदान करता येत नाही? वजन वाढलं तर चित्र पसरतं का? आणि वजन उतरलं तर?

"काका, तुम्ही पत्रकार आहात का?" तिनं विचारलं.

"नाही. विमा कंपनीत आहे."

"तरीच!" ती म्हणाली. पण मुलगी चांगली होती, सगळ्याची नीट उत्तरं दिली. "हे सगळं ठीक आहे काका, पण काय काढायचं आणि कुठे, याचा दोनदा विचार करा. ते जन्मभर अंगावर राहणार आहे."

दोनदा? मी वीसदा केला होता! नाव काढावं, तर माणसाशी भांडण झाल्यावर काय? वाघ काढावा, तर पोट सुटलं की त्याचं मांजर होतं. गणपतीचं मात्र पोट कितीही सुटलं तरी शोभूनच दिसतं! तेव्हा गणपती. आता जागा. पायावर देव चालत नाही. उजव्या हातानं मी ऑम्लेट खातो. डाव्या हाताचं विचारू नका. छातीवर केस. उरली पाठ. उजव्या खांद्याच्या खाली, शर्टाच्या आत, ऑफिसात कुणाला दिसणार नाही, उन्हानं रंग उडणार नाही. शेफालीनंही मान डोलावली. तिनं आधी नुसता छाप उठवला, मला भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाली, "बघा, ओके आहे का?" मी मान वळवून वळवून बघितलं. कान दोन, मोदक एक, उंदीर जागेवर. म्हटलं, "ओके!"

दुखलं का? दुखलं! पण मी हूं की चूं केलं नाही. शेजारच्या खुर्चीवर एक कॉलेजकन्या कानामागे चांदणी काढून घेत गाणं गुणगुणत होती, तिच्यासमोर कसं ओरडणार? शेफालीनं वर पारदर्शक पट्टी चिकटवली आणि मी विजयी मुद्रेनं घरी आलो. त्या शनिवारी रात्री पालथा झोपलो. रविवारी उशिरापर्यंत झोपून राहिलो. घरात कुणाला पत्ता नाही! निदान मला तरी तसं वाटलं.

सोमवारी आंघोळीच्या वेळी मी आरशात पाठ डोळे भरून बघितली, फोन मागे धरून सेल्फीनं एक फोटो काढला आणि ऑफिसात मैनुद्दीनला दाखवला. मैनुद्दीन माझा शेजारच्या टेबलावरचा जुना दोस्त. त्याच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या सजावटीत तो शाळेत असल्यापासून आहे. त्यानं फोटो मोठा केला. चष्मा कपाळावर चढवला. परत बघितला.

"आमोद," तो हळू आवाजात म्हणाला, "सोंड उजवी आहे रे."

"बरं मग?"

"बरं मग काय! देवाच्या उजव्या हाताकडे वळलीय सोंड. हा गणपती फार कडक असतो. एकदा आमच्या मंडळात चुकून तसली मूर्ती आली होती. अध्यक्षांनी दहा दिवस वडापावकडेसुद्धा बघितलं नाही. सोवळं म्हणजे सोवळं! पहाटे आंघोळ, अंडं बंद, मटण बंद."

"पण दहाच दिवस ना?"

"हो. मग विसर्जन केलं."

त्यानं फोन माझ्या हातात परत ठेवला. मग त्यानंच विचारलं, "तुझं कसं करणार?"

मी ताबडतोब जिन्यात जाऊन शेफालीला फोन लावला. "बेटा, सोंड उजवी काढलीस का गं?"

"काका, तुम्ही पास केलेल्या डिझाइनमध्ये होती तशीच काढलीय."

"त्यात कुठली होती?"

"ते बघावं लागेल. मी आत्ता एकाच्या मानेवर गरुड काढतेय. पण टेन्शन नका घेऊ! अगदीच नको असेल तर नंतर लेझरनं काढता येतं."

देवावर लेझर! मी फोन ठेवला. जिन्यातच घाम फुटला.

आता खरं सांगतो, मी काही फार देवभोळा माणूस नाही. चतुर्थीला खिचडी आवडते म्हणून उपास धरणारा माणूस! एरवी मी मैनुद्दीनचं बोलणं हसण्यावारी नेलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात तनयाचा इंटरव्ह्यू होता. इंजिनियर होऊन पोरगी वर्षभर घरी बसली होती. किती ठिकाणी गेली, किती ठिकाणाहून "कळवतो" म्हणून परत आली. अलीकडे अलीकडे तर जेवताना बोलायचीसुद्धा बंद झाली होती. मला टोमणे मारणारी माझी पोरगी ताटात बघून गप्प जेवते, हे बघवत नव्हतं मला. आता खराडीच्या एका कंपनीत ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली होती. आणि नेमकी त्याच वेळी मी हौसेनं कडक देव पाठीवर बसवून त्याच्यासमोर, म्हणजे त्याच्यामागे, म्हणजे कसंही धरा, भुर्जी-पाव खाणार? आणि तिला परत नकार आला तर? तो माझ्यामुळे! हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच.

संध्याकाळी गॅलरीत जाऊन मी आमच्या सीतारामगुरुजींना फोन केला. आमच्या घरची सगळी कार्यं तेच करतात. स्वतःचं नाव कसं सांगणार? म्हणून म्हटलं, "गुरुजी, एका ओळखीच्यांकडे उजव्या सोंडेचा गणपती आलाय. चुकून."

"मूर्ती का तसबीर?"

"चित्र."

"मग उतरवून ठेवा म्हणावं."

"उतरत नाही हो. भिंतीवरच काढलंय."

"बरं. भिंत कुठल्या दिशेला आहे?"

"तसं ठरलेलं नाही. भिंत फिरते."

फोनवर पंचांग मिटल्याचा आवाज आला.

"फिरते म्हणजे?"

"म्हणजे सकाळी मांजरीत असते, दुपारी बुधवार पेठेत."

"आमोदराव, तब्येत बरी आहे ना?"

"भिंतीची ना? बरी आहे. जरा खाज येते."

गुरुजींनी खाकरून घसा साफ केला. "हे बघा, नुसत्या चित्राचं एवढं मनावर घेऊ नये. पण घ्यायचंच असेल, तर शुद्ध राहावं. पहाटे स्नान करावं, सात्त्विक खावं, देवाचा मान ठेवावा आणि मनात भीती बाळगू नये."

शेवटचं सोडून सगळं मी दुसऱ्या दिवसापासून पाळायला घेतलं!

पहाटे उठायचं. गार पाण्यानं आंघोळ, तीही खांद्याच्या पट्टीवर थेट पाणी पडणार नाही अशी, म्हणजे अर्धवट कलंडून. मग लग्नातला रेशमी कद काढून नेसायचा. तो कमरेला आता पुरत नव्हता, म्हणून वरून पट्टा. आता पूजा! स्वतःच्या पाठीची पूजा करून बघितलीत का कधी? जखमेवर गंध-अक्षता नाही लावता येत, शेफालीनं बजावलं होतं. म्हणून मी टी-शर्टावरूनच, खांद्यावरून हात मागे नेऊन दूर्वा वाहायचो. अर्ध्या दूर्वा कॉलरमधून आत जायच्या आणि दिवसभर टोचायच्या. नैवेद्य म्हणून साखरेचा चमचा खांद्यावरून मागे दाखवायचा. एकदा हात हलला आणि साखर आत सांडली. त्या दिवशी ऑफिसात मुंग्यांना माझा पत्ता कळला.

आणि टेकायचं नाही! देवाला कसं टेकणार? खुर्चीला नाही, सोफ्याला नाही, पलंगाला नाही. मी दिवसभर शाळेच्या फोटोतल्या मुलासारखा ताठ बसायचो. मांजरीहून येणाऱ्या बसमध्ये तर हाल विचारू नका. उभं राहावं तर मागून कुणीतरी रेलणार! एकदा एक आजोबा पिशवीसकट माझ्या पाठीवर रेलले.

"अहो, टेकू नका! मागे गणपती आहे!" मी ओरडलो.

बस तेव्हा नेमकी बुधवार पेठेत गणपतीच्या देवळाजवळ आली होती. आजोबांनी चप्पल काढली, मागच्या काचेकडे तोंड करून हात जोडले. त्यांचं बघून आणखी चार जणांनी जोडले. एक बाई मला म्हणाल्या, "बरं झालं आठवण केलीत हो, मी फोनमध्येच होते."

घरी उल्काला मी एवढंच सांगितलं होतं, "मला हल्ली अध्यात्माची ओढ लागलीय."

"बरं," ती म्हणाली. एवढंच! मला वाटलं होतं, नवऱ्यानं अचानक कद नेसला तर बायको निदान डॉक्टरला तरी विचारेल. ती उलट म्हणाली, "उठताच आहात पहाटे, तर दूध घेऊन या." दुसऱ्या दिवशी, "आंघोळ झालीच आहे, तर देवघरातली भांडी घासून टाका, शकूचा हात दुखतोय." शकू म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. तिसऱ्या दिवशी माळ्यावरची पितळी समई खाली आली. मग तिच्या सोबतीला दोन घंगाळी आली. सात्त्विक माणसाला नाही म्हणता येत नाही! मी चिंच लावून लावून घासत बसलो. रविवारी तिनं मुद्दाम की काय, मटणाचा असा रस्सा केला की वास खालच्या मजल्यापर्यंत गेला. माझ्या ताटात दूधभात.

"नको ना? नक्की?" तिनं वाटी नाकासमोरून नेत विचारलं.

"नको," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं, ते भक्तीचं आहे असं तिला वाटलं असावं.

काळजी पडली ती तनयाला. तिनं परस्पर कात्रजला आजोबांना फोन केला, "आजोबा, बाबाला काहीतरी झालंय. ऑम्लेट खात नाही आणि पाठीवर गवत टाकतो." झालं! माझे सासरे शरच्चंद्र दुसऱ्याच दिवशी हजर. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, बोलणं मोजकं आणि सगळं तिरकं. सोफ्यावर माझ्यासमोर बसले.

"टेकून बसा, आमोदराव."

"नको, असाच बरा आहे."

"राजीनामा वगैरे दिला नाहीत ना?"

"छे छे!"

"हिमालयाचं तिकीट?"

"अहो, नाही! माझ्या पाठीवर सध्या फार मोठी जबाबदारी आहे."

"ती प्रत्येक संसारी माणसाच्या असते. म्हणून कुणी कदाला पट्टा लावत नाही." एवढं बोलून ते स्वयंपाकघरात लेकीकडे गेले. दोघांचं बराच वेळ हळूहळू काहीतरी चाललं होतं. बाहेर आले तेव्हा मिशीत हसत होते. मला म्हणाले, "चालू द्या तुमचं. मी आता मुलीचा इंटरव्ह्यू होईपर्यंत इथेच राहतो." मला वाटलं, माझी श्रद्धा बघून भारावले.

इंटरव्ह्यूचा दिवस उजाडला. मी पहाटे उठलो, घासायला काही उरलं नव्हतं म्हणून गॅसची शेगडीसुद्धा घासली. तनया तयार होऊन आली. फिका निळा कुर्ता, हातात फाइल, चेहरा उतरलेला. "बाबा, निघते," म्हणाली आणि नमस्काराला वाकली. आणि काय सांगू, मला एकदम सुचलं, नमस्कार माझ्या पायाला कशाला, खऱ्या ठिकाणी होऊ दे! मी गर्रकन वळून तिच्याकडे पाठ केली!

ती वाकलेली तशीच राहिली. "बाबा, माझ्यावर रागावलायस का?"

"नाही गं! असाच कर नमस्कार. पाठीला कर."

"नोकरी नाही लागली म्हणून तू माझ्याशी बोलतही नाहीस, दूधभात खातोस, आणि आता पाठ फिरवतोस?" तिचा आवाज कापला. मी वळून काही बोलायच्या आत ती लिफ्टमध्ये शिरली होती. दाराशी उभा राहिलो तो कितीतरी वेळ. तिच्यासाठी एवढं सगळं करायचं आणि तिला वाटावं, बाप रागावलाय! इतकं वाईट मला टॅटूच्या सुईनंही वाटलं नव्हतं.

त्या मनःस्थितीत ऑफिस गाठलं. तिथे आमच्या शाखाप्रमुख फरहत मॅडमचा वाढदिवस होता. सगळे गोल उभे राहिले, गाणं झालं. माझं लक्ष सगळं खराडीत. मॅडम एकेकाला स्वतःच्या हातानं केक भरवत होत्या. माझ्यासमोर आल्या, "आमोदजी, तोंड उघडा!" म्हणाल्या. साहेबांचा हुकूम! मी तोंड उघडलं, मिटलं, गिळलं. छान होता. ओठ चाटत मैनुद्दीनकडे बघितलं तर त्याचा चेहरा पांढरा.

"अरे! त्यात अंडं असतं!"

मी झटकन तोंड पुसलं. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. तनया आत्ता, या क्षणाला आत बसली असणार! इतके दिवस दूधभात गिळला, आणि नेमक्या या घटकेला बापानं केक खाल्ला!

"आता?" मी विचारलं.

"आंघोळ!" मैनुद्दीन म्हणाला. "आधी घर गाठ! मॅडमना मी सांगतो, तुझी भिंत पडली म्हणून!"

मी रिक्षा केली. रिक्षात बसायचं म्हणजे टेकायचं, म्हणून मी पुढच्या दांडीला धरून ओणवा, केक खाल्लेलं तोंड दाबून. रिक्षावाल्यानं दोनदा वळून बघितलं. "काका, दवाखान्यात घेऊ का?"

"मांजरी! पटकन!"

"कुठलं हॉस्पिटल?"

"माझं घर!"

दार उघडंच होतं. उल्का आणि सासरे चहा पीत बसले होते. मी आत शिरलो तो थेट मध्यभागी जाऊन उभा राहिलो. "उल्का, पाणी काढ! गार! मी केक खाल्ला!"

"मग? पचला नाही का?" सासरे म्हणाले.

आणि मग माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. टॅटू, आरसा, मैनुद्दीन, फिरती भिंत, दूर्वा, मुंग्या, केक. "उजव्या सोंडेचा आहे हो! पोरीच्या इंटरव्ह्यूच्या वेळेला मी अंडं खाल्लं! तिला नाही म्हणाले तर मी तोंड कसं दाखवू तिला? सकाळी रडवेली होऊन गेली ती, माझ्यामुळे!" बोलता बोलता मी खरंच रडायला लागलो आणि शर्ट काढला.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "वळा," म्हणाले. मी वळलो. ते जवळ आले. चष्मा लावून पाठीवर वाकले.

"हात चांगला आहे मुलीचा," ते शेवटी म्हणाले. "कानाचा बाक छान साधलाय. उंदीर जरा खारीसारखा झालाय. सोंड डावी आहे."

"उजवी!"

"डावी."

"अहो, मी रोज बघतोय!"

"कशात?"

"आरशात!"

सासऱ्यांनी मोठा उसासा सोडला, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलासाठी राखून ठेवलेला असावा तसा. "आमोदराव, आरशात तुमचा भांगसुद्धा दुसऱ्या बाजूला दिसतो."

"पण फोटो? मैनुद्दीननं फोटोत बघितली!"

"सेल्फी ना? त्यातही आरशासारखंच उलटं दिसतं," उल्का म्हणाली. तिनं माझा फोन घेतला, मागच्या कॅमेऱ्यानं सरळ फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला. बघितलं. परत बघितलं. गणपतीबाप्पा शांतपणे, अगदी घरगुती चेहऱ्यानं, सोंड आपल्या डाव्या हाताकडे वळवून, मोदकाकडे बघत बसले होते. सगळ्यांच्या घरात असतो तोच! साधा, सोज्वळ, चालवून घेणारा!

काय सांगू तुम्हाला! अंगातून वारं निघून गेल्यासारखा मी खाली बसलो. केकही माफ, जिन्यातला घामही माफ! रडत होतो तोच हसायला लागलो, आणि हसता हसता पहिलं वाक्य तोंडातून आलं ते हे, "उल्का, ऑम्लेट! तीन अंड्यांचं!"

ती आत गेली, अंडी फोडल्याचा आवाज आला, आणि तेवढ्यात फोन वाजला. तनया! मी ऑम्लेट विसरून फोन उचलला. सोंड डावी असली तरी पोरगी तर अजून खराडीतच होती ना?

"बाबा!" ती किंचाळली. "झालं! सिलेक्ट झाले! लगेच सांगितलं त्यांनी! एक तारखेपासून जॉइन!"

मी नुसतं "हो, हो" करत राहिलो. सासऱ्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, "शाब्बास" एवढंच म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उसाच्या शेतांकडे बघत उभे राहिले. परत माझ्या कानाशी फोन आला तेव्हा ती विचारत होती, "बाबा, पण सकाळी पाठ का फिरवलीस रे?"

"घरी ये. दाखवतो. रागावलो नव्हतो गं मी, कधीच नाही," मी म्हणालो. ती बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली. वर्षभराचं ओझं उतरलं माझ्या डोक्यावरून!

ऑम्लेट समोर आलं. पहिला घास घेतला. स्वर्ग! दुसरा घास घेताना मला एक गोष्ट खटकली. मी शर्ट काढून अख्खा टॅटू दाखवला आणि घरात कुणी "अगं बाई!" सुद्धा म्हटलं नव्हतं.

"तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं?" मी विचारलं.

सासऱ्यांनी लेकीकडे बघितलं. लेकीनं पदराला हात पुसले.

"तुम्ही रविवारी पालथे झोपला होता ना," उल्का म्हणाली, "टी-शर्ट पार मानेपर्यंत गेला होता. सकाळच्या उन्हात बाप्पा कसे छान दिसत होते! मी नमस्कार केला आणि टी-शर्ट खाली ओढला. म्हटलं, सांगतील सावकाश."

"आणि सोंड?"

"ते सोमवारी कळलं. तुमचा फोन झाल्याझाल्या गुरुजींचा मला आला. म्हणाले, वहिनी, साहेबांची उजव्या सोंडेची भिंत ऑफिसला जाते म्हणे, जरा लक्ष ठेवा."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं? मग डावी आहे हे सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते हो! पण तुम्ही देवघरातली भांडी घासायला घेतली होती. म्हटलं, तेवढी होऊ देत. मग समई राहिली होती. मग घंगाळी. बाबा म्हणाले, शेगडीसुद्धा निघेल, थांब जरा."

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर ऊस मोजत होते.

खरं म्हणजे मी चिडायला हवं होतं. चांगली तीन वाक्यं जिभेवर आलीही होती! पण पोरीला नोकरी लागली होती, ताटात ऑम्लेट होतं, आणि माझ्या पाठीवर जगातला सगळ्यात समजूतदार गणपती होता. कसा चिडणार? मी तीनही वाक्यं ऑम्लेटच्या घासाबरोबर गिळून टाकली, एक लांब श्वास सोडला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, सोफ्यावर मनसोक्त मागे रेललो. आहाहा! पाठीचा एकेक मणका माझे आभार मानत होता.

"आमोदराव," खिडकीतून सासऱ्यांचा आवाज आला, "सोंड डावी असली म्हणून काय झालं? आत देवच आहे. त्याच्यावर असं रेलतात का?"

मी ताठ बसलो.